पुरवणी मागण्यांतली युद्धे

१.१ अब्ज डॉलर, ३८.५ अब्ज डॉलर आणि ३५.२ कोटी डॉलर. अमेरिकेच्या २०११ सालच्या हिशेबातले हे तीन आकडे आहेत. परदेशातली लष्करी कारवाई आणि घरचा सरकारी खर्च यांची तुलना वरवर किती सोपी दिसते आणि करायला घेतली की किती अवघड होते, हे त्यांच्यावरून कळते. (अब्ज म्हणजे शंभर कोटी. पुढे जिथे ‘लाख कोटी डॉलर’ येतील, तिथे वृत्तपत्रांतला ट्रिलियन समजावा.)

पहिला आकडा लिबियाचा. १७ मार्च २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ मंजूर केला आणि १९ मार्चला अमेरिका, ब्रिटन व फ्रान्सने हुकूमशहा गद्दाफीच्या फौजांवर हल्ले सुरू केले. पहिल्याच दिवशी शंभराहून अधिक टोमाहॉक क्षेपणास्त्रे डागली गेली. एका टोमाहॉकची किंमत दहा लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे एका दिवसात दहा कोटी डॉलर क्षेपणास्त्रांवरच गेले. सुरुवातीच्या दहा दिवसांचे बिल ५५ कोटी डॉलर झाले आणि त्यातले सुमारे ६० टक्के दारूगोळ्याचे होते. जूनमध्ये ओबामा प्रशासनाने संसदेला कळवले की सप्टेंबरअखेरपर्यंत हा खर्च १.१ अब्जांवर जाईल.

दुसरा आकडा त्याच वसंतातला, वॉशिंग्टनमधला. ८ एप्रिल २०११ च्या रात्री सरकारी कार्यालयांना टाळे लागायला जेमतेम तासभर उरला असताना दोन्ही पक्षांत तडजोड झाली. चालू वर्षाच्या खर्चातून सुमारे ३८.५ अब्ज डॉलर कापायचे ठरले. गरीब घरांतल्या गरोदर बाया आणि लहान मुलांच्या पोषण योजनेतून सुमारे ५० कोटी गेले, वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रांचे सुमारे ६० कोटी गेले, पर्यावरण संरक्षण संस्थेचे १.६ अब्ज गेले आणि जलदगती रेल्वेसाठी त्या वर्षी एक डॉलरही ठेवला नाही. ‘इतिहासातली सर्वांत मोठी वार्षिक कपात’ असा तिचा डंका वाजला.

तिसरा आकडा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा, ज्याला सीबीओ म्हणतात. त्यांनी ही कपात तपासली आणि सांगितले की सप्टेंबर २०११ पर्यंत तिजोरीतून प्रत्यक्ष बाहेर जाणारा पैसा फक्त ३५.२ कोटींनी कमी होईल. कापलेल्या रकमेपैकी बरीचशी नुसती मंजुरी होती, ती त्या वर्षी खर्च होणारच नव्हती. २०१० ची जनगणना उरकली होती, तिच्यासाठी लागणारा पैसा आता लागणार नव्हता, तोही कपातीत धरला गेला. काही योजनांच्या वापरात नसलेल्या शिलका पुसल्या गेल्या. घरच्या खर्चात एवढी भांडणे करून त्या वर्षात जेवढे वाचले, त्याच्या तिप्पट रक्कम लिबियाच्या आकाशात गेली.

हे वाक्य खरे आहे आणि ऐकणाऱ्याचे रक्त तापवणारेही आहे. पण त्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. लिबियाचा खर्च भागवण्यासाठी ओबामांनी नवी मंजुरी मागितली नाही. संरक्षण खात्याच्या सुमारे ७०० अब्जांच्या वार्षिक खर्चातूनच तो निघाला. पोषण योजनेतून गेलेले ५० कोटी टोमाहॉकमध्ये गेले नाहीत. लिबियावर हल्ला झाला नसता, तरी ती कपात झालीच असती. मंजुरीतली ३८.५ अब्जांची कपात बाजूला ठेवून, फक्त त्या एका वर्षाची प्रत्यक्ष बचत धरून मी तिप्पट म्हटले, यात मापाची थोडी सोयीची निवड आहेच.

मग ‘बॉम्ब की शाळा’ ही तुलना सोडून द्यावी का? मला तसे वाटत नाही. तुलना आवश्यक आहे, मात्र एका क्षेपणास्त्राची किंमत आणि एका शाळेची किंमत एवढ्यावर ती संपत नाही. खरा फरक हिशेबाच्या रीतीत आहे. घरच्या प्रत्येक योजनेला दहा वर्षांचा अंदाज, मर्यादा आणि पैसा कुठून आणणार याचे उत्तर द्यावे लागते. युद्धाला यांपैकी काहीच द्यावे लागत नाही. अमेरिकेच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या आकड्यांतून मला दिसते ते हेच.

पहिला आकडा

सप्टेंबर २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला सांगितले की इराकशी युद्ध झाले तर १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील. प्रशासनात नाराजी पसरली. डिसेंबरमध्ये लिंडसे यांना पद सोडावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस अर्थसंकल्प विभागाचे प्रमुख मिच डॅनियल्स यांनी ५० ते ६० अब्जांचा अंदाज दिला. मार्च २००३ मध्ये, युद्ध सुरू होऊन आठवडा उलटत असताना, संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी संसदीय समितीपुढे सांगितले की इराकच्या पुनर्बांधणीचा खर्च इराकचे तेलच लवकर भागवू शकेल.

एप्रिल २००३ मध्ये पहिली पुरवणी मंजुरी सुमारे ७९ अब्जांची झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरी, सुमारे ८७ अब्जांची. त्यातले १८ अब्जांहून अधिक पुनर्बांधणीसाठी, जी तेलातून व्हायची होती. दोन्हींत अफगाणिस्तानचाही वाटा होता, पण बहुतेक रक्कम इराकची. आठ महिन्यांत डॅनियल्स यांचा अंदाज मागे पडला. संसदेच्या संशोधन सेवेने डिसेंबर २०१४ मध्ये केलेल्या मोजणीनुसार इराकवर मंजूर झालेली रक्कम ८१५ अब्ज डॉलर होती. म्हणजे ज्या अंदाजापायी एका सल्लागाराची गच्छंती झाली, त्याच्या वरच्या टोकाच्याही चौपट. आणि जो अंदाज अधिकृत म्हणून चालला, त्याच्या चौदा-पंधरा पट.

या चुकीचे कारण गणितात नव्हते. सीबीओने सप्टेंबर २००२ मध्येच मासिक हिशेब मांडला होता. फौजा पाठवायला ९ ते १३ अब्ज, लढाईच्या पहिल्या महिन्यानंतरही दरमहा अब्जावधी, आणि ताबा ठेवायचा झाल्यास दरमहा १ ते ४ अब्ज. किती महिने, हे त्यांनी सांगितले नाही, कारण ते हिशेबनिसाच्या हातात नव्हते. खर्च ठरतो कालावधीवर, आणि कालावधी कोणीच कागदावर उतरवायला तयार नव्हते. तरीही १० ऑक्टोबर २००२ रोजी प्रतिनिधीगृहाने २९६ विरुद्ध १३३ मतांनी आणि दुसऱ्या दिवशी सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचे अधिकार दिले. त्या ठरावात एका डॉलरचाही उल्लेख असण्याची गरज नव्हती.

आता आरोग्य विम्याचा कायदा पाहा. २०१० मध्ये मंजूर झालेल्या या कायद्याचा खर्च दहा वर्षांत ९४० अब्ज डॉलर, असे सीबीओने मार्चमध्ये सांगितले. त्याआधीचे जवळजवळ वर्षभर सगळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरत होती : ९०० अब्जांच्या वर जायचे की नाही. योजनेचे तुकडे कापले गेले, करांची नवी कलमे घातली गेली, ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेतून रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमा कमी केल्या गेल्या. शेवटी सीबीओने निर्वाळा दिला की एकूण जमाखर्च पाहता तूट वाढणार नाही, उलट दहा वर्षांत १४३ अब्जांनी घटेल. सप्टेंबर २००९ च्या भाषणात ओबामांनी मुद्दाम सांगितले होते की या योजनेला लागणारे ९०० अब्ज इराक आणि अफगाणिस्तानवर आतापर्यंत गेलेल्या रकमेहून कमी आहेत.

रक्कम जवळपास सारखीच, पण एका बाजूला प्रत्येक डॉलरला स्रोत दाखवावा लागला, दुसऱ्या बाजूला कोणी विचारलेही नाही. उलट इराकमध्ये फौजा शिरल्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ मे २००३ रोजी, बुश यांनी दहा वर्षांत ३५० अब्ज डॉलरच्या करकपातीवर सही केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत प्राप्तिकराचा वरचा दर ९४ टक्क्यांपर्यंत गेला होता, कोरियाच्या युद्धात कर वाढले होते. इराकच्या वेळी ते कमी झाले.

खाते कोणते?

आपल्याकडे अधिवेशन आले की पुरवणी मागण्यांची चर्चा होते. मार्चमध्ये मांडलेला अर्थसंकल्प एक सांगतो आणि वर्षभरात पुरवणी मागण्यांनी त्याचे रूप बदलते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेने दोन मोठी युद्धे वर्षानुवर्षे याच वाटेने चालवली. २००१ नंतर जवळपास दशकभर इराक-अफगाणिस्तानचा मोठा खर्च ‘तातडीच्या’ पुरवण्यांतून आला. पहिल्या वर्षी ते समजण्यासारखे होते. सहाव्या वर्षी, दीड लाखाच्या आसपास सैनिक एका देशात कायम असताना, त्यात तातडीचे काय राहिले होते?

ओबामांच्या काळात या खर्चाला वेगळे खाते मिळाले, ‘परदेशांतील आकस्मिक मोहिमा’ अशा अर्थाचे. हिशेब थोडा स्पष्ट झाला. पण ऑगस्ट २०११ मध्ये खर्चावर दहा वर्षांच्या मर्यादा घालणारा कायदा आला, तेव्हा हे खाते मर्यादेबाहेर ठेवले गेले. शिक्षण, संशोधन, गृहनिर्माण, एवढेच काय तर संरक्षण खात्याचा नेहमीचा खर्चही छपराखाली आला. मोहिमांच्या खात्यावर मात्र छप्परच नव्हते. व्हायचे ते झाले. संरक्षण खात्याचे रोजचे खर्चही या खात्यात सरकू लागले. २०१६ च्या सुमारास या खात्यातली जवळपास निम्मी रक्कम अशा कायमस्वरूपी खर्चाची होती.

त्या मर्यादांचा फटका कुठे बसला, ते २०१३ मध्ये दिसले. १ मार्च २०१३ रोजी सरसकट कपात लागू झाली, त्या वर्षापुरती ८५ अब्जांची. वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थांचे १.५५ अब्ज, म्हणजे पाच टक्के गेले. गरीब घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या ‘हेड स्टार्ट’ या बालवाडी योजनेचे सुमारे ४० कोटी डॉलर गेले आणि ५७ हजारांहून अधिक मुलांच्या जागा बंद झाल्या.

हे ४० कोटी डॉलर अफगाणिस्तानच्या मापाने किती होतात? १ डिसेंबर २००९ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ओबामांनी आणखी ३० हजार सैनिक पाठवायचे जाहीर केले आणि त्याचा वर्षाचा खर्च सुमारे ३० अब्ज सांगितला. म्हणजे सैनिकामागे वर्षाला १० लाख डॉलर. यातला पगार हा छोटा भाग. समुद्रकिनारा नसलेल्या देशात पाण्यापासून डिझेलपर्यंत सगळे बाहेरून आणायचे होते. अतिदुर्गम चौक्यांवर पोहोचेपर्यंत एक गॅलन इंधन ४०० डॉलरपर्यंत पडते, असे २००९ मध्ये संसदेपुढे सांगण्यात आले. नोव्हेंबर २०११ मध्ये सलाला चौकीवरच्या नाटोच्या हल्ल्यात पाकिस्तानी सैनिक मारले गेल्यावर पाकिस्तानने वाहतुकीचा रस्ता बंद केला, तो जुलै २०१२ पर्यंत बंद राहिला. मध्य आशियातून वळसा घालून माल नेण्याचा जादा खर्च दरमहा सुमारे १० कोटी डॉलर होता.

या दराने ४० कोटी डॉलर म्हणजे ४०० सैनिकांचे एक वर्ष. २०१३ च्या सुरुवातीला अफगाणिस्तानात सुमारे ६६ हजार अमेरिकी सैनिक होते. ४०० सैनिक कमी केले असते म्हणून बरोबर ४० कोटी वाचले असते असे नाही. तळ, विमानतळ, रुग्णालय यांचा खर्च माणसे थोडी घटल्याने घटत नाही. पण प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून ही तुलना मला योग्य वाटते. ५७ हजार मुलांचे वर्ष एकीकडे आणि ६६ हजारांतले ४०० सैनिक दुसरीकडे. बालवाडीचे पैसे जानेवारी २०१४ मध्ये परत मिळाले. पण चार वर्षांचे मूल तोवर पाच वर्षांचे झालेले असते. त्याला त्या योजनेत परत जागा मिळत नाही.

रोजगाराचाही हिशेब झालेला आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट पॉलिन आणि हायडी गॅरेट-पेल्टियर यांनी २०११ मध्ये मांडले की एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० रोजगार निर्माण होतात, आरोग्यसेवेवर केले तर १७,२००, शिक्षणावर केले तर २६,७००. कारण सरळ आहे. शिक्षणातला बहुतेक पैसा पगारांत जातो आणि तो पगार देशातच खर्च होतो.

बिल उशिरा येते

आतापर्यंतचे आकडे लढाई चालू असतानाच्या खर्चाचे होते. माझ्या मते खरी फसगत त्यानंतर होते.

संसदेच्या संशोधन सेवेचा २०१४ पर्यंतचा हिशेब सगळ्या मोहिमा मिळून १.६ लाख कोटी डॉलरचा होता. ब्राउन विद्यापीठातल्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाने २०२१ मध्ये हाच आकडा ८ लाख कोटी सांगितला. पाचपट फरक कसा? मधल्या सात वर्षांचा खर्च आहेच, पण मोजणीची कुंपणेही वेगळी आहेत. ब्राउनच्या हिशेबात मोहिमांचे २.३ लाख कोटी आहेत. त्यात कर्जाचे व्याज १.१ लाख कोटी, युद्धांमुळे संरक्षण खात्याच्या नेहमीच्या खर्चात झालेली वाढ सुमारे ०.९ लाख कोटी, अंतर्गत सुरक्षेचे १.१ लाख कोटी आणि माजी सैनिकांवर तोवर झालेला खर्च सुमारे अर्धा लाख कोटी मिळवला की ५.८ लाख कोटी होतात. उरलेले २.२ लाख कोटी म्हणजे २०५० पर्यंत माजी सैनिकांचे उपचार आणि भत्ते. अंतर्गत सुरक्षेचा सगळा खर्च युद्धाच्या नावे धरावा का, यावर वाद होऊ शकतो. मी तो पूर्ण धरला नसता. व्याज आणि माजी सैनिक यांवर मात्र वादाला जागा नाही. करांऐवजी कर्जातून लढलेल्या युद्धाचे व्याज हा युद्धाचाच खर्च आहे.

माजी सैनिकांच्या खर्चाचा काळ पाहिला की माणूस थबकतो. हार्वर्डच्या लिंडा बिल्म्स यांनी दाखवले आहे की पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या भत्त्यांचा खर्च सर्वोच्च पातळीला पोहोचला १९६९ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर अर्ध्या शतकाने. दुसऱ्या महायुद्धाचा तो टप्पा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. १८६५ मध्ये संपलेल्या यादवी युद्धाचे शेवटचे निवृत्तिवेतन, एका सैनिकाच्या मुलीला मिळणारे दरमहा ७३.१३ डॉलर, २०२० मध्ये तिच्या निधनाने थांबले.

आताच्या युद्धांत हे ओझे अधिक जड होणार आहे, आणि त्यामागे एक चांगली गोष्ट आहे. रणांगणावरचे वैद्यकीय उपचार सुधारल्यामुळे पूर्वी जे जखमी वाचले नसते, ते आता वाचतात. मेंदूला मार लागलेला, दोन्ही पाय गमावलेला पंचविशीतला तरुण पुढची पन्नास वर्षे जगतो, आणि ती जगण्याची सोय करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. इराक-अफगाणिस्तानच्या तळांवर कचरा, प्लास्टिक, रसायने उघड्या खड्ड्यांत जाळली जात. त्या धुरात श्वास घेतलेल्यांना पुढे फुप्फुसांचे विकार आणि कर्करोग झाले. अनेक वर्षे झगडल्यावर १० ऑगस्ट २०२२ रोजी त्यांच्यासाठी कायदा झाला. खर्च दहा वर्षांत सुमारे २८० अब्ज डॉलर. डॅनियल्स यांनी संपूर्ण इराक युद्धासाठी जेवढे सांगितले होते, त्याच्या जवळपास पाचपट रक्कम या एका कायद्यासाठी लागते आहे.

दोन जुनी उदाहरणे

घरचा खर्च आणि परदेशातले युद्ध यांची टक्कर कशी होते, हे व्हिएतनामइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये गरिबीविरुद्ध लढा पुकारला आणि १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आणली. त्याच १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये मोठ्या प्रमाणावर फौजा उतरल्या. युद्धाचा खरा खर्च संसदेपुढे ठेवला, तर घरच्या योजनांवर कुऱ्हाड पडेल, ही भीती जॉन्सन यांना होती. म्हणून जानेवारी १९६६ च्या अर्थसंकल्पात असे धरले गेले की युद्ध ३० जून १९६७ पर्यंत संपेल. त्या आधारे युद्धासाठी सुमारे १० अब्ज डॉलर दाखवले. खर्च झाले जवळपास दुप्पट. गरिबीविरोधी मोहिमेच्या मुख्य कार्यालयाला मात्र कोणत्याही वर्षी दोन अब्जांच्या वर मिळाले नाहीत.

ऑगस्ट १९६७ मध्ये जॉन्सन यांनी दहा टक्के जादा कर मागितला. प्रतिनिधीगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी अट घातली : आधी खर्च कापा. जून १९६८ मध्ये कर मंजूर झाला, त्याच्यासोबत सहा अब्जांची कपातही आली. १९६५ मध्ये १.६ टक्के असलेली महागाई १९६९ मध्ये ५.५ टक्क्यांवर गेली होती. ज्या योजना वाचवण्यासाठी युद्धाचा खर्च लपवला, त्याच योजना शेवटी कात्रीत सापडल्या. जॉन्सन यांच्या कार्यकाळाबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते. त्यांना गरिबी हटवायची मनापासून इच्छा होती आणि तिच्यासाठी लागणारी शक्ती त्यांनी स्वतःच्याच निर्णयाने घालवली.

उलट उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धाचे. खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर. त्यातले सुमारे ५४ अब्ज कुवेत, सौदी अरेबिया, जपान, जर्मनी आणि इतरांनी दिले. उद्दिष्ट ठरलेले होते, कुवेत मोकळे करणे; ते झाल्यावर जमिनीवरची लढाई थांबली. हिशेबाच्या दृष्टीने हे सर्वांत स्वच्छ युद्ध. तरीही तिथून परतलेल्या सुमारे सात लाख सैनिकांपैकी अनेकांच्या आजारांचे पैसे अमेरिका आजही भरते आहे, आणि त्यात कुवेतचा वाटा नाही.

लिबियाच्या मोहिमेचा शेवट याच्या अगदी विरुद्ध झाला. गद्दाफी ऑक्टोबर २०११ मध्ये मारला गेला, अमेरिकेचा एकही सैनिक हल्ल्यांत गेला नाही, खर्च अब्जाच्या घरात. कागदावर इतके स्वस्त युद्ध विरळा. सप्टेंबर २०१२ मध्ये बेंगाझीत अमेरिकी राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स यांच्यासह चौघे मारले गेले. लिबियातून निघालेली शस्त्रे आणि लढवय्ये मालीत पोहोचले आणि जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सला तिथे सैन्य उतरवावे लागले. २०१४ पासून लिबियात पुन्हा यादवी पेटली. गद्दाफीनंतर काय, याची तयारी न करणे ही आपली सर्वांत मोठी चूक होती, असे ओबामांनी २०१६ मध्ये मान्य केले. १.१ अब्जांचा आकडा अजूनही तेवढाच आहे, कारण यातले काहीही त्या खात्यावर चढलेले नाही.

वाचलेले पैसे घरी येतात का?

हस्तक्षेपाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला, प्रमाणाचा. २००८ मध्ये, खर्चाच्या शिखरावरही, दोन्ही युद्धांवर देशाच्या उत्पन्नाच्या साधारण सव्वा टक्काच जात होता. २०११ मध्ये मोहिमांच्या खात्यात सुमारे १६० अब्ज होते आणि वित्तीय तूट होती १,३०० अब्ज. युद्ध त्या दिवशी बंद केले असते, तरी तुटीचा आठवा भागच भरला असता. दुसरा मुद्दा, न केलेल्या हस्तक्षेपाचाही हिशेब असतो. १९९४ मध्ये रवांडात कोणी गेले नाही आणि शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. बेंगाझीच्या वेशीवर गद्दाफीच्या फौजा होत्या, तेव्हा हीच आठवण निर्णय घेणाऱ्यांच्या डोक्यात होती. माणसांच्या जिवाचा प्रश्न डॉलरमध्ये सुटत नाही, हे मलाही मान्य आहे. पण जीव वाचवायला जायचे असेल, तर गेल्यावर दहा वर्षे काय करणार याचा खर्च आधी लिहिणे हा त्या माणसांवरचाही उपकारच ठरेल.

तिसरी गोष्ट दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे. युद्ध थांबले म्हणजे पैसा आपोआप शाळेत येत नाही. जून २०११ मध्ये बाल्टिमोरला जमलेल्या अमेरिकी महापौरांच्या परिषदेने ठराव केला की युद्धांवरचा पैसा शहरांकडे वळवा. व्हिएतनामनंतर असा ठराव प्रथमच होत होता. त्यानंतर दोनच दिवसांनी ओबामांनीही आता राष्ट्रउभारणी घरी करायची, असे भाषणात सांगितले. पण ज्या युद्धासाठी कर घेतलाच नव्हता, कर्ज काढले होते, ते थांबल्यावर वाचते ते फक्त न काढलेले कर्ज. शाळेसाठी पैसा हवा असेल, तर त्यासाठी वेगळे मत मिळवावे लागते.

ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून शेवटचे विमान निघाले. वीस वर्षांत तिथे सरासरी दिवसाला ३० कोटी डॉलरहून अधिक गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन निर्णय आठवडाभराच्या अंतराने झाले. मार्च २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवली होती, वर्षाला शंभर अब्जांच्या आसपास खर्च करून. पूरक मापाने मोजलेली बालगरिबी २०२० च्या ९.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आली. ही सवलत पुढे चालवणाऱ्या विधेयकाला १९ डिसेंबरला सिनेटर जो मँचिन यांनी कर्ज आणि महागाईचे कारण देऊन नकार दिला आणि ते अडले. २७ डिसेंबरला अध्यक्ष बायडेन यांनी ७६८ अब्जांच्या संरक्षण विधेयकावर सही केली. प्रशासनाने मागितले होते त्याहून ही रक्कम सुमारे २५ अब्जांनी जास्त होती. २०२२ मध्ये बालगरिबी १२.४ टक्के झाली.

यावर उपाय कोणी सुचवलाच नव्हता असे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या खर्चविषयक समितीचे अध्यक्ष डेव्हिड ओबी यांनी विधेयक आणले : अफगाणिस्तानात फौजा वाढवायच्या असतील, तर त्याच्या खर्चाइतका अधिभार प्राप्तिकरावर लावा. बहुतेक कुटुंबांना तो त्यांच्या कराच्या एक टक्का पडला असता. त्यांच्याच पक्षाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी पाठिंबा दिला नाही आणि विधेयक मतदानापर्यंत पोहोचले नाही. मला ओबींचे म्हणणे पूर्णपणे पटते. युद्ध आवश्यक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मतदारापुढे जाऊन त्याची किंमत मागावी. आरोग्य विमा मागणाऱ्यांना ती मागावीच लागते.

परदेशी मोहिमांचे वेगळे खाते २०२२ च्या अर्थसंकल्पात बंद झाले आणि तो खर्च नेहमीच्या संरक्षण खर्चात मिसळला. २०२३ मध्ये खर्चावर पुन्हा मर्यादा आल्या, आणि ‘तातडीच्या’ रकमा पुन्हा त्या मर्यादेबाहेर राहिल्या. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेन, इस्रायल आणि हिंद-प्रशांत क्षेत्रासाठी मंजूर झालेली सुमारे ९५ अब्जांची मदत याच वाटेने आली. युक्रेनला मदत करावी, असे मला वाटते. पण तोवर ते युद्ध सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती, आणि त्याचा खर्च अजूनही ‘तातडीचा’ म्हणूनच मंजूर होत होता.